लपणं आणि फसवणं



आजचं चिंतन दासबोधाच्या दुसऱ्या दशकातल्या दहाव्या समासावर, म्हणजे पढतमूर्खाच्या लक्षणांवर. पढतमूर्ख कोण? ज्याला सगळं कळतं, ब्रह्मज्ञान छान बोलतो, पण आत हाव आणि अभिमान तसाच. वरचा रंग एक, आतला दुसरा.

मग प्रश्न पडतो : वेगळा रंग घेऊन बसणं म्हणजे खोटेपणाच का?

समुद्रात प्रवाळांमध्ये एक विषारी मासा राहतो, हुबेहूब शेवाळलेला दगड. पाठीवर 13 विषारी काटे. हे विष तो शिकारीला वापरत नाही. कुणाचा पाय पडला तरच काटा रुततो. पण समोरून पोहणारा छोटा मासा मात्र क्षणात गिळतो. त्यासाठी नुसता रंग पुरतो.

समर्थ 1608 साली जन्मले ते आपल्या जालना जिल्ह्यातल्या जांब गावी. तिथून समुद्र खूप लांब. पण मराठवाड्याच्या कोरड्या, दगडाळ माळावर फुरसं असतं. मातीत मिसळून जाणारा रंग, आणि रक्त गोठूच न देणारं विष. तरी डिवचलं तर ते आधी वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतं.

हे दोघे खोटारडे का? नाही. तो रंग त्यांनी निवडलेला नाही, त्यांना तो उतरवताही येत नाही. जिथे निवडच नाही, तिथे पाप कसलं?

आपण मात्र निवडतो. आता बघा, ऑफिसमध्ये कुणी जपमाळ खिशातच ठेवतं. तेही लपवणंच, पण त्यात कुणाचं काही जात नाही. दुसरा कुणी कपाळी टिळा लावून, गोड बोलून विश्वास मिळवतो, उसने पैसे घेतो आणि फोन उचलणं बंद करतो. त्याने काहीच लपवलं नाही असं वरून दिसेल. खरं तर तो टिळ्याच्याच आड लपला. मला वाटतं, फरक इथेच आहे : माझ्या लपण्याची किंमत कोण मोजतंय? मी, की माझ्यावर विसंबलेला माणूस?

आणि राग आला, तर निदान फुरशाइतका तरी सरळपणा हवा ना? तोंडावर "काही नाही रे" म्हणायचं आणि मागून ग्रुपवर डंख मारायचा, हे तर तेही करत नाही.

आज एवढंच करूया : ज्याच्याशी आपण वरवर गोड आहोत, अशा एका माणसाला मनातलं शांतपणे सांगूया.

जय जय रघुवीर समर्थ!