जुन्या पुस्तकाची नवी बांधणी

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असे एखादे पुस्तक असते. पुठ्ठा सुटलेला, पाने कडेला तपकिरी झालेली, मधल्या मधे एखादा मेणबत्तीचा डाग, आणि सगळे एकत्र राहावे म्हणून भोवती रबर बँड. ते फेकून देण्याचा विचार कोणाच्या मनात येत नाही. पण ते उघडायलाही भीती वाटते, कारण उघडले की दोन पाने हातात येतात.

आमच्या घरी असे पुस्तक म्हणजे आजीचे प्रार्थनापुस्तक. रोज संध्याकाळी रोझरीनंतर ती ते उघडत असे. डोळे गेल्यावरही ते मांडीवर लागायचे. पाठ असलेली लितानी म्हणताना ती पाने उलटत राही. तिच्यामागे ते कपाटात गेले. मागच्या वर्षी वाळवी पुठ्ठ्यापर्यंत पोहोचल्याचे दिसले, तेव्हा आम्ही भावंडांनी ते बाइंडरकडे नेले.

हे काम करणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत. ज्यांच्याकडे आम्ही गेलो ते चाचा वयाने सत्तरीचे असावेत. त्यांनी पुस्तक हातात घेतले, पाठीवरून अंगठा फिरवला आणि काय करावे लागेल ते समजावून सांगितले. जुना पुठ्ठा काढायचा. पाठीवरचा वाळलेला सरस ओला करून हळूहळू खरवडायचा. मग फॉर्म सुटे करायचे. घडीवर फाटलेल्या पानांना पातळ कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या. खळीत थोडा मोरचूद घालायचा म्हणजे कीड लागत नाही. सगळे फॉर्म दोऱ्याने शिवायचे, पाठीला कापड लावायचे, नवा पुठ्ठा चढवायचा आणि रात्रभर शिकंज्यात दाबून ठेवायचे. “आणि तिन्ही बाजूंनी दोन सूत कापावे लागेल,” ते म्हणाले. “शिवल्यावर पाने मागेपुढे होतात. कापले नाही तर फिनिशिंग येणार नाही.”

अडचण त्या दोन सुतांची होती.

मृतांसाठी करावयाच्या प्रार्थनेच्या पानावर आजीने समासात शिसपेन्सिलीने नावे लिहिली होती. आधी आजोबांचे, मग तिच्या आईवडिलांचे, मग लहानपणी गेलेल्या दोन मुलांचे. जसजशी माणसे गेली तसतशी नावे खाली सरकत गेली, जागा संपली तेव्हा वर चढली, आणि शेवटी अगदी कडेला पोहोचली. कडेच्या नावांत एक नाव असे होते की ते वाचून आम्ही तिघेही गप्प झालो. वाडीच्या बांधावरून ज्यांनी आम्हांला अनेक वर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावल्या, त्या शेजाऱ्यांच्या वडिलांचे ते नाव. त्यांच्या मयताला आमच्या घरून कोणी गेले नव्हते. आजीही गेली नव्हती. ती घरी बसून काय करीत होती, हे आम्हांला इतक्या वर्षांनी कळले. नाव इथे लिहीत नाही. ते कुटुंब आपल्याच धर्मग्रामातले आहे.

आता खरे सांगायचे तर, त्या वेळी आमच्यापैकी एकाच्या मनात आले (आणि त्याने ते बोलूनही दाखवले) की कापू द्या. आपण काही खोडत नाही, फाडत नाही. पुस्तक सुबक करायचे तर कड जाणारच. मशीन कापेल, आणि तो विषय आपोआप मिटेल.

हा विचार दिसतो तितका साधा नाही. मिस्साच्या आरंभी आपण जी पापे कबूल करतो, त्यांत न केलेल्या कर्तव्यांचाही समावेश असतो. इथे तर आम्ही काहीच करणार नव्हतो. केवळ बाइंडरला ‘थांबा’ म्हणणार नव्हतो. दुरुस्तीच्या नावाखाली एखाद्याची प्रार्थना कापून टाकता येते, आणि हातावर डागही राहत नाही. घराण्याच्या आठवणींचेही आपण असेच करतो ना? वाडवडिलांविषयी सांगताना कडा कापून सांगतो.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. काहीच कापायचे नाही, काहीच बदलायचे नाही, असे म्हणून पुस्तक जसेच्या तसे जपले तर? संत कथबर्ट यांची शवपेटी ११०४ साली इंग्लंडमधील डरहॅम येथे उघडली गेली, तेव्हा तिच्यात योहानाच्या शुभवर्तमानाची तळहातात मावेल एवढी प्रत सापडली. आठव्या शतकाच्या आरंभीची ती प्रत, लाल चामड्याच्या मूळ बांधणीसह आजही शाबूत आहे. ब्रिटिश लायब्ररीने २०१२ मध्ये तिच्यासाठी ९० लाख पौंड मोजले. ती इतकी चांगली राहिली, कारण शेकडो वर्षे ती मृत संताशेजारी बंद होती. तिची पाने रोज उलटणारे कोणी नव्हते.

उलट आपले ख्रिस्तपुराण पाहा. फादर थॉमस स्टीफन्स यांचा हा सुमारे ११ हजार ओव्यांचा ग्रंथ १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापला गेला; पुढे १६४९ आणि १६५४ मध्येही निघाला. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ मात्र आपल्यापर्यंत आला, कारण लोकांनी तो हाताने उतरवून घेतला, वाचला, पुन्हा उतरवला. अशाच हस्तलिखितांवरून तो १९०७ साली मंगळूरला पुन्हा छापला गेला.

म्हणजे शब्दांसाठीच जपायचे असेल, तर आजीच्या पुस्तकाची गरज नव्हती. त्याच प्रार्थना नव्या पुस्तकात अधिक ठळक टाइपात मिळतात. आणि वस्तू म्हणूनच जपायचे असेल, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवणे पुरे होते. आम्हांला नक्की काय हवे होते ते आम्हांलाच सांगता येईना. चाचांनी आमची कुजबुज ऐकली असावी. त्यांनी विचारले, “वाचायचे आहे, की ठेवायचे आहे?”

वाचायचे आहे, असे बहीण म्हणाली. मग शिवण पक्की हवी, आणि कड कापायची नाही. वेडीवाकडी राहिली तरी चालेल. चाचांना ते फारसे पटले नाही. असे काम आपल्या हातचे म्हणून दाखवता येणार नाही, असे ते म्हणाले. तरी त्यांनी ते केले.

जुना पुठ्ठा त्यांनी कागदात गुंडाळून परत दिला. पुस्तक आशीर्वादित होते. अशा वस्तू जीर्ण झाल्या की जाळाव्यात किंवा पुराव्यात, ही आपली रीत. झावळ्यांच्या रविवारच्या जुन्या झावळ्या आपण राखेच्या बुधवारसाठी देतो, त्यातलाच प्रकार. आम्ही तो पुठ्ठा परसात, जांभळीखाली पुरला.

पुस्तक आता वेदीवर असते. काळा कापडी पुठ्ठा, आणि आत दातेरी, पुढेमागे झालेली पाने. पाहुणे विचारतात की बाइंडिंग कोणी बिघडवले. दरवर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आमच्या घरी त्या पानावरची प्रार्थना नावांसह मोठ्याने म्हणायची असे ठरले आहे. त्या दिवशी खिडक्या उघड्या असतात आणि शेजारचे अंगण दहा पावलांवर आहे. वाचायला कोणी बसायचे, हे अजून ठरलेले नाही.