पाना आपला, सही परक्याची
आपली जुनी गाडी आपणच दुरुस्त करावी, हे शिनोलीत काय नि पुण्यात काय, स्वावलंबनच! त्यातून ती ऑटोमॅटिक. तिच्या गिअरपेटीतलं तेल नुसतं वंगण नव्हे. त्याच्याच दाबानं आतले क्लच धरतात. तेल कमी, की इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही.

पेटी खोलायचा हक्क मालकाचा, मान्य. पण बँकेत व्हाउचर लिहिणारा ते स्वतःच पास करीत नाही, मग तो हरिश्चंद्र का असेना! घरच्या दुरुस्तीत लिहिणारे आपण, पास करणारेही आपणच. उद्या भीमाशंकरच्या घाटात उभ्या गाडीचा ‘पी’चा खटका सुटला, तर खाली उभ्या माणसानं कुठं सही केली होती? तेव्हा पाना खुशाल आपला असावा; शेवटची तपासणी जाणत्या परक्यानं करावी. गाडी खाजगी असली, तरी उतार सार्वजनिक असतो!