रविवार कोणाचा?



रविवार आणि सुट्टी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या भागात आलेल्या धर्मगुरूला लवकरच कळते. भोसरी-पिंपरीतल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. चाकणकडे कित्येकांची शिफ्ट फिरती, त्यामुळे सुट्टीचा वारही फिरता. एका रविवारी मिस्सेला दिसलेला माणूस पुढचे तीन रविवार दिसत नाही, आणि आम्ही धर्मगुरू मनात म्हणतो, "ह्याची श्रद्धा थंडावली वाटते."

काही महिन्यांपूर्वी एका गुरुवारी दुपारी एक तरुण रिकाम्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलेला दिसला. चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार. मूळचा नगर जिल्ह्यातला, लहानपणी आईचे बोट धरून हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाणारा. बाहेर पडताना त्याने विचारले, "फादर, सलग चार रविवार मिस्सा चुकली. पाप लागतं का?"

मी तयार उत्तर दिले. गंभीर कारण असेल तर ख्रिस्तसभा दोष देत नाही. शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारचीच धरली जाते. पोटासाठी काम करतोस, काळजी करू नकोस, तुला माफ आहे.

तो हसला आणि म्हणाला, "माफी नको होती फादर, रविवार पाहिजे होता. रविवारी पोरगी घरी असते, सगळे मिळून चर्चला जातात. गुरुवारी मी घरी असतो तेव्हा ती शाळेत, बायको कामावर. मी एकटाच इथं येऊन बसतो."

त्या संध्याकाळी मी तिसरी आज्ञा पुन्हा वाचायला घेतली. प्रभूचा दिवस पवित्र पाळावा, एवढेच आपण लहानपणी पाठ केलेले असते. पण अनुवाद ५:१४ मध्ये देव पुढची यादीही देतो. तू विसावा घे. तुझा मुलगा, मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझे गाढव ह्यांनाही विसावा मिळो. आणि तुझ्या वेशीच्या आत राहणाऱ्या परक्यालाही. पुढच्याच ओवीत कारण दिले आहे : तूही मिसर देशात गुलाम होतास. गुलामाला सुट्टी नसते. ज्याला देवाने सोडवले, त्याने दुसऱ्याला जुंपून ठेवू नये.

म्हणजे ही आज्ञा दोन प्रश्न विचारते. पहिला, तू आलास का? दुसरा, तुझ्यामुळे कोणाचा विसावा गेला? मी इतकी वर्षे वेदीवरून पहिलाच प्रश्न विचारत आलो.

"वेशीच्या आतला परका" ह्या शब्दांपाशी मी अडखळलो, कारण त्याच वेळी बाहेर आपल्या आवाराचे फाटक वाजले. फाटकावरचा वॉचमन आपल्या धर्माचा नाही. रविवारी आपल्या गाड्या नीट लागाव्यात म्हणून तोच उन्हात उभा असतो. मी खाली जाऊन त्याला विचारले, "मामा, शेवटची सुट्टी कधी घेतली?" त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. मग घाईने म्हणाला, "सुट्टी नको फादर, पगार कापतात." रोज तो मला नमस्कार करत होता, मी हात वर करत होतो, आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. दोष एजन्सीवर ढकलता आला असता. पण फाटक आपले आहे.

पगार कापून मिळणारी सुट्टी हा विसावा नव्हे, ती उपासमार आहे. पॅरिश कौन्सिलमध्ये विषय काढला तेव्हा खर्चाची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी. "उद्या सगळेच मागतील," असेही कोणी म्हणाले. मला वाटते, मागावेच. आता त्याला आठवड्यातून एक दिवस भरपगारी सुट्टी मिळते आणि त्या दिवशी बदली माणूस येतो. ह्यात आपण काही उपकार केले नाहीत, उशीर मात्र केला.

बंधुभगिनींनो, महाराष्ट्रातल्या गिरणी कामगाराला रविवार फुकट मिळाला नाही. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि वर्षानुवर्षे साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे महात्मा फुले ह्यांचे सहकारी. तो दिवस त्यांनी आपल्या माणसांसाठी मागितला. पुढच्याच वर्षी, १५ मे १८९१ रोजी, पोप लिओ तेरावे ह्यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढले आणि कामगाराच्या न्याय्य मजुरीबरोबर त्याच्या विसाव्याचाही हक्क सांगितला. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हे नाव घेतले, त्यामागे हेच परिपत्रक होते. दोन वेगळ्या वाटांनी आलेली माणसे एकाच गोष्टीपाशी पोहोचली होती : माणूस यंत्राचा भाग नाही.

आपल्यातले काहीजण कारखान्यात सुपरवायझर आहेत, शिफ्टचे वेळापत्रक लावतात. महिन्यातून एक तरी रविवार प्रत्येकाच्या वाट्याला येईल असे पाहता येईल का? घरी धुणीभांडी करणाऱ्या ताईंना आठवड्याची सुट्टी आहे का, आणि त्या दिवसाचे पैसे आपण कापतो का? दुसऱ्याच्या विसाव्याच्या आड येईल अशी अनावश्यक मागणी करू नका, असे कॅटेकिझमही (क्र. २१८७) आपल्याला बजावतो.

आणि जे आज ह्या घटकेला मशीनवर उभे आहेत, त्यांच्या घरच्यांनी हे पत्रक त्यांच्यासाठी घरी न्यावे. त्यांना सांगा, पहिली तीनशे वर्षे ख्रिस्ती लोकांनाही रविवारची सुट्टी नव्हती. ती सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. ३२१ मध्ये दिली. त्याआधी ते उजाडण्यापूर्वी जमत, प्रार्थना करत आणि कामावर जात. त्यांच्यात कितीतरी गुलाम होते. प्रभूने त्यांना परके मानले नाही, तुम्हालाही मानणार नाही. गुरुवारी या. चर्च उघडे असेल, आणि मीही तुमच्याबरोबर बसेन.

प्रभू येशू आपणां सर्वांना, आणि आपल्या वेशीच्या आत राबणाऱ्या प्रत्येकाला, विसावा देवो.

आपला ख्रिस्तात,
प्रमुख धर्मगुरू