वस्तादाचं वय

शुक्राचार्यांच्या शापानं ययातीला ऐन उमेदीत म्हातारपण आलं, तेव्हा त्यानं आपल्या पाचही मुलांपुढे हात पसरला. चौघांनी नकार दिला. धाकट्या पुरूनं मात्र स्वतःचं तारुण्य बापाला दिलं आणि त्याची जरा आपल्या अंगावर घेतली. महाभारतातली ही गोष्ट वि. स. खांडेकरांनी कादंबरीतून मराठी घराघरांत नेली. १९५९ साली ‘ययाति’ प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती, आणि कोल्हापुरात येऊन त्यांना दोन दशकं झाली होती.

या कथेत मला खटकतं ते एकच. तिच्यात जरा ही निव्वळ शिक्षा आहे. म्हातारा होऊन ययाती काय करू शकला असता, हा प्रश्न ना त्याला पडतो, ना शाप देणाऱ्याला, ना पुरूला. राजाला शहाणपण येतं खरं, पण तेही सगळं भोगून झाल्यावर. आपण आजही जवळपास तिथेच उभे आहोत. ‘आता काय, आमची लाकडं गेली मसणात’ असं साठीतला धडधाकट माणूस सहज बोलून जातो आणि भोवतालचे माना डोलावतात.

ही कथा लिहिणाऱ्या खांडेकरांचं स्वतःचं म्हातारपण मात्र वेगळं होतं. अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी गेली. आयुष्यभर वाचन आणि लेखन यांवरच जगलेल्या माणसाला याहून मोठा शाप कोणता? तरी ते दुसऱ्याला सांगून लिहवून घेत राहिले. १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला तो पंच्याहत्तरी उलटल्यावर. त्यांनी कुणाकडे डोळे मागितले नाहीत. दुसऱ्याचा हात मागितला, आणि तोही लिहिण्यापुरता.

हल्ली वाढदिवसाच्या शुभेच्छांत ‘वय हा फक्त आकडा असतो’ हे वाक्य हमखास येतं. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण मला ते मान्य नाही. पंचगंगेचे १९८९, २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यानं घरात शिरताना पाहिले, त्याचं वय आकडा कसं असेल? त्यात चार वेळा उपसलेला गाळ आहे आणि चार वेळा नव्यानं मांडलेला संसार आहे. वय नाकारायचं म्हणजे हे सगळं नाकारायचं. म्हातारपणाकडे चांगल्या नजरेनं पाहणं म्हणजे तरुण असल्याचा आव आणणं नव्हे. तसं केलं तर आपण सभ्य भाषेत ययातीचीच मागणी पुन्हा करत असतो.

याचं खरं उत्तर कोल्हापूरच्या तालमींत आहे, असं मला मनापासून वाटतं. गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग, कुठल्याही तालमीत पहाटे जा. हौद्यातल्या तांबड्या मातीत पोरं जोडीला भिडलेली असतात आणि काठावर वस्ताद बसलेला असतो. त्याचे कान कुस्तीनं चेपलेले, गुडघे कुरकुरणारे. आता तो लंगोट चढवून मैदानात उतरणार नाही, हे त्यालाही ठाऊक असतं आणि पोरांनाही. तरी सगळ्या तालमीचा जीव त्याच्या एका हाकेत असतो. पोराचा भार चुकीच्या पायावर गेला, हे पोराच्या आधी वस्तादाला कळतं. ही नजर त्याला विशीत नव्हती आणि असणं शक्यही नव्हतं, कारण तेव्हा तो स्वतः कुस्तीत गुंतलेला होता. अंगातली ताकद ओसरते तेव्हाच ही नजर पुरती मोकळी होते. वस्ताद व्हायला वयच लागतं. त्याला दुसरी वाट नाही.

पैलवान गणपतराव आंदळकर १९६० मध्ये हिंदकेसरी झाले, १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्ण आणि रौप्य अशी दोन पदकं आणली. एवढ्यावर कुणाचंही आयुष्य सार्थकी लागलं असतं. पण पुढे मोतीबाग तालमीत त्यांनी वस्ताद म्हणून जी वर्षं घालवली, ती मैदानातल्या वर्षांहून कितीतरी अधिक भरतात. २०१८ मध्ये ते गेले तेव्हा पैलवान रडले ते आपल्या वस्तादासाठी. त्यातल्या अनेकांनी त्यांची कुस्ती कधी पाहिलीही नव्हती.

वस्ताद सगळे डाव शिकवतो पण एक राखून ठेवतो, असं म्हणतात. तो राखलेला डाव म्हणजे उतारवयातली भीती, असा मी त्याचा अर्थ लावतो. सगळं देऊन टाकलं तर मग आपल्याला कोण विचारणार? घराच्या किल्ल्या, हिशेबाच्या वह्या, स्वयंपाकघरातला शेवटचा शब्द यांच्याभोवती घराघरांत जी ओढाताण चालते, तिच्या मुळाशी हाच एक डाव असतो. तो ज्यानं आनंदानं देऊन टाकला, त्याचं म्हातारपण सुटसुटीत झालेलं मी पाहिलं आहे.

संगीतातही उतारवयातल्या वस्तादाचं असंच एक उदाहरण कोल्हापूरशीच बांधलेलं आहे. उस्ताद अल्लादिया खाँ यांचा आवाज तरुण वयातच बिघडला आणि पहिल्यासारखा परत आला नाही. उरला त्या आवाजातून त्यांनी लयीला धरून चालणारी, पेचदार तानांची नवी गायकी बांधली. पुढे शाहू महाराजांच्या दरबारात त्यांनी कोल्हापूरचा मुक्काम केला आणि जयपूर-अत्रौली घराणं इथे रुजलं. केसरबाई केरकर १९२१ मध्ये त्यांच्याकडे शिकू लागल्या तेव्हा खाँसाहेबांचं वय सहासष्ट होतं. १९४६ मध्ये, नव्वदीत, ते गेले. म्हणजे एरवी ज्या साठीपुढच्या वयात माणूस निरोपाच्या भाषणांना उत्तर देत असतो, त्या वयात त्यांची सर्वांत गाजलेली शिष्या घडायला सुरुवात झाली होती.

म्हातारपणाकडे पाहण्याच्या दृष्टीचा शरीरावरही परिणाम होतो, असं संशोधन सांगतं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका लहान गावात १९७५ मध्ये पन्नाशी उलटलेल्या लोकांना स्वतःच्या वार्धक्याबद्दल काय वाटतं, ते विचारलं होतं. येल विद्यापीठाच्या बेका लेवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या ६६० जणांची माहिती पुढे तपासली. वार्धक्याबद्दल चांगलं मत असलेले लोक इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले, असा निष्कर्ष त्यांनी २००२ मध्ये मांडला.

पण इथे थांबून एक गोष्ट स्पष्टपणे बोललीच पाहिजे. करवीर, कागल, शिरोळ तालुक्यांत सत्तरीतल्या बाया आजही ऊस भांगलायला जातात. त्यांना निवृत्तीचा दिवस नाही, त्यामुळे निवृत्तीनंतरचा छंदही नाही. ‘सकारात्मक राहा’ असं त्यांना सांगणं क्रूरपणाचं आहे. कमरेचं दुखणं हा काही मनाचा दोष नव्हे. त्यांना आधी वेळेवर जमा होणारी पेन्शन हवी आणि औषध हवं. प्रसन्न वार्धक्य ही ज्यांच्याकडे थोडी सवड आहे त्यांची मिरास होऊन बसली, तर तो सगळा विचारच पोकळ ठरेल.

म्हणूनच मला कोल्हापूरची आणखी दोन म्हातारी माणसं आठवतात. शहरात टोलविरोधी आंदोलन पेटलं तेव्हा ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील चौऱ्याऐंशीचे होते आणि गोविंद पानसरे ऐंशीचे. दोघांनाही निवडणूक लढवायची नव्हती, की कुठलं पद मिळवायचं नव्हतं. तरुण माणसाला नोकरीची, बढतीची, मुलांच्या शिक्षणाची काळजी असते. तो जपून बोलतो. या दोघांचं जपून बोलण्याचं वय केव्हाच सरलं होतं, आणि त्यांनी ती मोकळीक दुसऱ्यांसाठी वापरली. पानसरे तर आयुष्यभर असंघटित कामगारांचे वकील. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळच्या फिरण्यावरून परतताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले. एक्याऐंशी वर्षांच्या एका माणसाच्या विचारांची कुणाला तरी एवढी भीती वाटली! म्हातारी माणसं निरुपयोगी असतात असं मानणाऱ्यांनी यावर विचार करावा. ज्या टोलविरुद्ध हे दोघे उभे राहिले, तो पुढे रद्द झाला.

सगळ्यांना त्यांच्याएवढं धैर्य झेपणार नाही, आणि झेपायलाच हवं असंही नाही. पण निवृत्तिवेतन असलेली, हातपाय धड असलेली साठीपुढची कितीतरी माणसं आज कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर फिरायला येतात. भांगलायला जाणाऱ्या त्या बाईचा श्रावणबाळ योजनेचा अर्ज कुणीतरी भरून द्यावा लागतो, वयाचा दाखला शोधावा लागतो, तहसील कचेरीत तिच्याबरोबर जाऊन बसावं लागतं. निवृत्त तलाठी, शाळामास्तर, बँकेतले कारकून यांना यातलं प्रत्येक काम पाठ आहे.