उंच आसनावरचा शेजारधर्म

घरात नवी मोटार येणे ही आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. तरीही तिच्या आगमनाचा आनंद मात्र ओसरलेला नाही. धर्मग्रामातील कुटुंबे नवी गाडी आशीर्वादासाठी चर्चच्या प्रांगणात आणतात, तेव्हा त्यांच्याशी चार शब्द बोलण्याचा योग आम्हांला येतो. पुढे काही महिन्यांनी भेट झाली की, गाडी कशी काय आहे, अशी चौकशीही आम्ही करतो. अलीकडे येणाऱ्या गाड्यांत 'क्रॉसओव्हर' या प्रकारच्या गाड्या पुष्कळ असतात आणि त्यांच्या मालकांकडून एक उत्तर हमखास ऐकू येते : "फादर, उंचावर बसल्यासारखं वाटतं, सुरक्षित वाटतं." या साध्या उत्तरात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. त्याचा थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू.

क्रॉसओव्हर म्हणजे दिसायला जीपसारखी, पण रचनेने साध्या मोटारीसारखी गाडी. जुन्या जीपगाड्यांत मजबूत लोखंडी सांगाड्यावर वरचा भाग स्वतंत्रपणे बसविलेला असे. क्रॉसओव्हरमध्ये सांगाडा व वरचा भाग एकसंध असतो; त्यामुळे ती हलकी आणि चालवायला सुलभ होते, उंची मात्र जीपची राहते. टोयोटा कंपनीने १९९४ मध्ये आणलेली आरएव्ही-४ ही या प्रकारच्या आरंभीच्या गाड्यांपैकी एक. आपल्या देशात ह्युंदाईची क्रेटा २०१५ मध्ये आली, टाटांची नेक्सॉन २०१७ मध्ये. आणि बघता बघता हीच मध्यमवर्गीय कुटुंबाची गाडी झाली.

मालकांचे अनुभव ऐकले की या आवडीमागची कारणे पटतात. गुडघे दुखणाऱ्या आजीला या गाडीत बसताना वाकावे लागत नाही, की उतरताना कोणाचा हात धरून वर यावे लागत नाही. पावसाळ्यात खड्ड्यांतून जाताना गाडीचा तळ घासत नाही. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसराला पाण्याने वेढले होते. तो अनुभव घेतलेल्या माणसाला जमिनीपासून चार बोटे अधिक उंच असलेल्या गाडीचे आकर्षण वाटले, तर त्यात नवल नाही. तक्रारीही असतातच. जाहिरातीतले मायलेज रस्त्यावर मिळत नाही, हप्ते पाच-सात वर्षे पाठ सोडत नाहीत, वाडीच्या दोन कुंपणांमधल्या वाटेवर समोरून रिक्षा आली की कोणीतरी मागे सरावे लागते, आणि बॉनेटच्या अगदी पुढ्यात उभे असलेले लहान मूल चालकाला दिसत नाही. ही शेवटची तक्रार बहुतेक जण जाता जाता सांगतात. आमच्या मते सर्वांत गंभीर तक्रार तीच आहे.

कारण सुरक्षितता दोन प्रकारची असते. एक प्रकार धोका कमी करणारा, दुसरा धोका दुसऱ्याकडे सरकवणारा. पहिल्या प्रकाराचे उत्तम उदाहरण म्हणजे सीट बेल्ट. व्होल्व्हो कंपनीचे अभियंते निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये खांद्यावरून व कमरेवरून जाणारा तीन बिंदूंचा पट्टा तयार केला आणि कंपनीने त्याचे पेटंट इतर उत्पादकांसाठी खुले ठेवले. आज जगभर कोट्यवधी माणसे तो पट्टा लावतात. मी पट्टा लावल्याने माझा जीव वाचतो आणि शेजाऱ्याचे काहीच जात नाही. वेळीच लागणारे ब्रेक, घसरण रोखणारी यंत्रणा यांचेही तसेच. हे हित वाटल्याने कमी होत नाही, उलट वाढते.

वजन व उंची यांची गोष्ट मात्र निराळी आहे. साधारण ८०० किलोची छोटी मोटार आणि १२०० ते १४०० किलोची क्रॉसओव्हर समोरासमोर आदळल्या, तर जड गाडीतल्यांना बसणारा धक्का कमी असतो. पण तो नाहीसा होत नाही, हलक्या गाडीतल्यांच्या वाट्याला जातो. उंचीचेही तेच. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बॉनेटची उंची ४० इंचांहून अधिक असलेल्या गाड्यांची पादचाऱ्याला धडक बसली, तर मृत्यूची शक्यता ३० इंच वा त्याहून कमी उंचीच्या गाड्यांच्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असते, असे त्यात आढळले. आपल्याकडील सगळ्या क्रॉसओव्हर तेवढ्या उंच नसतीलही. पण ठेंगणी गाडी माणसाच्या पायांवर आदळते आणि उंच गाडी छातीवर किंवा डोक्यावर, हे समजायला अभ्यासाचीही गरज नाही.

बाहेरची ही माणसे कोण? २०२२ मध्ये भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातात दगावली. त्यांतील दर शंभरांपैकी सुमारे ४४ दुचाकीवर होती आणि सुमारे १९ पायी चालत होती. मोटारीत बसलेल्यांची संख्या याहून पुष्कळ कमी आहे. आपण गाडी घेताना जे तारे मोजतो, ते मुख्यतः आत बसलेल्या मोठ्यांच्या व मुलांच्या संरक्षणाचे असतात. दुधाचे कॅन घेऊन मोटरसायकलवर निघालेल्याला आणि पहाटेच्या मिस्सेला चालत येणाऱ्या म्हातारीला कोणी तारे देत नाही.

यावर एक आक्षेप आम्ही ऐकला आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. "सगळेच मोठ्या गाड्या घेत असताना मी माझ्या लेकरांना छोट्या गाडीत का बसवावे? माझे पहिले कर्तव्य त्यांच्याप्रती नाही काय?" होय, आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात प्रीतीच्या क्रमाचा विचार केला, तेव्हा जवळच्यांवर अधिक प्रीती करणे हे योग्यच आहे, असे त्यांनी मांडले. परंतु जवळचा आधी याचा अर्थ दूरचा कोणीच नव्हे, असा होत नाही. गावच्या सणाला नाटक पाहताना पहिल्या रांगेतला एक जण उभा राहिला की मागचेही उभे राहतात. शेवटी सगळेच उभे असतात, कोणाला अधिक असे काहीच दिसत नाही, आणि बुटक्यांना व मुलांना तर मुळीच दिसत नाही. उंचीची शर्यत अशीच असते. तिच्यातून मिळणारी सुरक्षितता दुसऱ्याने आणखी उंच गाडी घेईपर्यंतच टिकते.

मग अशी गाडी घेऊच नये काय? आम्ही तसे म्हणत नाही. आजीचे गुडघे खरे आहेत, रस्त्यावरचे पाणीही खरे आहे. आमचे म्हणणे इतकेच की ज्याच्या हाती बळ अधिक, त्याच्यावर ऋणही अधिक. गाडीचे वजन चालकाला कमी करता येत नाही, वेग मात्र येतो. आणि आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० किलोमीटरचा वेग ६० केला, की ती दुप्पट नव्हे, चौपट होते. तेव्हा गावाच्या वाटेवर आपले खरे नैतिक स्वातंत्र्य उजव्या पायाच्या तळव्याशी असते. समोरून दुचाकी दिसताच प्रखर झोत खाली करणे, डबक्यातून जाताना चालणाऱ्याच्या अंगावर चिखल न उडविणे, गाडी सुरू करण्यापूर्वी पुढे कोणी मूल तर नाही ना, हे उतरून पाहणे — ही कर्तव्ये लहान दिसतात, परंतु शेजारधर्म बहुधा अशाच कृतींतून पाळला जातो.

भक्कम गाडीवर विसंबून साधी काळजी सोडू नये, हेही येथे सांगितले पाहिजे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी आपल्याच पालघर जिल्ह्यात, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. मागे बसणाऱ्या आजी-आजोबांनाही पट्टा लावण्याचा आग्रह आपण धरतो काय?

शेवटी, या गाडीला मोठी डिकी आणि पाच जणांची जागा असते. रस्त्यावर कोणी जखमी पडलेला दिसला, तर आपण काय करतो? पोलिसांचा ससेमिरा लागेल, ही भीती आता सबब म्हणून पुढे करता येणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही आणि त्याच्यावर नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. अशा माणसाला कायद्याने 'गुड समॅरिटन' म्हटले आहे. तो चांगला शोमरोनी आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर त्याने जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसविले. त्यासाठी त्याला आधी खाली उतरावे लागले असणार.