आजचं चिंतन: लेकाची गाडी



आज गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला अकरावा श्लोक. भगवंतांचा उपदेश इथूनच सुरू होतो. ज्ञानी माणसं गेलेल्यांचाही शोक करत नाहीत आणि असलेल्यांचाही. हे वाचताना मला सारखं एक अमेरिकन कंट्री गाणं आठवत होतं, ली ब्राइसचं ‘आय ड्राइव्ह युअर ट्रक’.

त्यामागची गोष्ट खरी आहे. जॅरेड मॉन्टी हा अमेरिकन सैनिक २१ जून २००६ ला अफगाणिस्तानात मारला गेला. गोळीबारात अडकलेल्या जखमी साथीदाराला आणायला तो तिसऱ्यांदा धावला होता. त्याचे वडील पॉल पुढे त्याचाच पिकअप ट्रक चालवत राहिले. त्यात लेक जवळ असल्यासारखा वाटायचा. २०११ मध्ये रेडिओवर ते हे बोलले, गीतकार कॉनी हॅरिंग्टन यांनी ऐकलं आणि त्यातून गाणं झालं.

आता सांगा, या बापाला आपण काय म्हणू? “आत्मा अमर आहे काका, गाडी विकून टाका”?

हसू नका. कुणाच्या घरी कोणी गेलं की आपण हेच करतो. दोन मिनिटांत श्लोक फॉरवर्ड, आणि आपण मोकळे!

पण भगवंतांनी हा श्लोक धनुष्य खाली टाकून बसलेल्या अर्जुनाला सांगितला, कर्तव्य सोडणाऱ्याला. युद्धाच्या तेराव्या दिवशी अभिमन्यू पडला. तेव्हा गीता ऐकलेला तोच अर्जुन ढसाढसा रडला. कृष्ण स्वतः सुभद्रेकडे गेले, तिला धीर दिला. तरी ती रडतच राहिली, आणि रडता रडताच तिने लेकासाठी सद्गती मागितली. डोळ्यांत पाणी आणि तोंडात प्रार्थना, दोन्ही एकदम. कृष्णांनी तिला अज्ञानी म्हटलं नाही.

म्हणून मला वाटतं, हा श्लोक अश्रू अडवत नाही. तो हातपाय गाळू देत नाही, एवढंच. पॉल यांचंच बघा ना. मॅसॅच्युसेट्समधल्या ज्या सैनिकी दफनभूमीत जॅरेड आहे, तिथे थडग्यांवर झेंडे लावायला परवानगी नव्हती. ती मिळेपर्यंत हा बाप मागे लागला. मग नुसत्या स्वतःच्या मुलाच्या नाही, तिथल्या हजारो थडग्यांवर झेंडे लागले. दुःख होतंच, पण हात थांबले नाहीत.

आजची साधना छोटीशी. ज्यांच्या घरातलं कोणी गेलंय, अशा एकाला फोन करा. श्लोक सांगू नका. “त्यांची एखादी आठवण सांग ना,” एवढंच म्हणा आणि ऐकत राहा.

हरी ॐ.