आधी गळती बंद कर

काढ ते कानातून. दोन्ही काढ. आणि मान वर करून उभा राहा, चपलांकडे बघत बोललेलं मला चालत नाही.

काल संध्याकाळी हा इअरफोन खडेबाजारात गाड्यावरनं आणलास म्हणे. खोक्यावर ‘एक्स्ट्रा बेस’ छापलंय आणि कंपनीच्या नावात एक अक्षर चुकलंय. वर मलाच सांगतोस, ‘फर्स्ट कॉपी आहे सर.’ पहिली असो नाहीतर पाचवी, कॉपी ती कॉपीच. आणि तू वर्गात कॉपी करणाऱ्याला हसतोस! आधीचा हेडफोन टेबलाच्या खणात पडलाय, त्याच्या आधीचा बहिणीच्या गळ्यात मारलास. आता हाही ‘पातळ वाजतोय’ म्हणून वडिलांकडे मोठ्या हेडफोनचे पैसे मागणार. अकरावी सायन्सला बसतोस ना? दाब, कंपन, वारंवारिता हे शब्द काय पेपरात लिहून विसरायला शिकवले?

एक सांग मला. घेताना तो कुठं लावून बघितलास? तिथंच, गाड्यापाशी, उभ्या उभ्या. दिवेलागणीचा खडेबाजार! रिक्षांचे हॉर्न, दुकानापुढं भकभकणारा जनरेटर, गर्दीतनं वाट काढणाऱ्या दुचाक्या. बाजारपेठेत दिवसा 65 डेसिबलच्या वर आवाज नको, असं 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम सांगतात. आपल्याकडं ते कुणी वाचलेले दिसत नाहीत. रहदारीच्या आवाजात खालच्या पट्टीची घरघर भरपूर असते, आणि ही घरघर गाण्यातल्या खालच्याच सुरांना झाकून टाकते. म्हणून तिथं चांगला इअरफोनसुद्धा पातळ वाटतो, आणि जो नुसता धबधब करतो तो भारी वाटतो. तोच घरी आणून रात्री ऐकलास की गाणाऱ्याचा गळा त्या धबधब्यात बुडालेला असतो. परीक्षा घेतलीस खडेबाजाराची आणि पास केलंस इअरफोनला. मामाकडं निपाणीला जाताना बसमध्ये बेस गायब होतो म्हणून कुरकुरतोस ना, त्याचंही कारण हेच. तो कुठं जात नाही, इंजिनाच्या आवाजाखाली दबतो.

पण तुझं मुख्य दुखणं वेगळंच आहे. तुझ्या कानात गळती आहे.

हसू नकोस. नीट ऐक. इअरफोनचं रबरी बोंड कानात घट्ट बसलं की इअरफोनचा पडदा आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये चिमूटभर हवा कोंडली जाते. इतकीशी हवा दाबायला नखाएवढा पडदासुद्धा पुरतो. बोंड सैल असलं की फट राहते. आता गणित कर. 50 हर्ट्झच्या सुराचं एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं. तेवढ्या वेळात दाबलेली हवा त्या फटीतनं आरामात बाहेर पडते, आणि दाब तयारच होत नाही. 5000 हर्ट्झचं आवर्तन 0.2 मिलिसेकंदांचं, हवेला निसटायला सवडच मिळत नाही. म्हणून फट असली की झांजा तशाच राहतात आणि खर्ज, म्हणजे तुझा बेस, पळून जातो. यात कंपनीचा दोष कमी आणि तुझा जास्त. खोक्यात तीन मापांची बोंडं येतात, लहान, मध्यम, मोठी. तू बाकीची दोन खोक्यासकट फेकून दिलीस. होय की नाही?

आत्ताच्या आत्ता बघ. गाणं चालू कर, आवाज बारीक ठेव, आणि दोन्ही बोंडं बोटानं हलकेच आत दाब. काय झालं? आला ना खर्ज? कुठनं आला? तो तिथंच होता. बोट काढल्यावर गेला, म्हणजे तुला नवा हेडफोन नको, मोठ्या मापाचं बोंड हवं. डाव्या-उजव्या कानाची मापं सारखी असतील असंही नाही. एका कानाला मध्यम आणि दुसऱ्याला मोठं लागलं तर लाजू नकोस. रबराची बसत नसतील तर फोमची घे. चहा-भज्यांवर उडवतोस त्यात येतात.

आणि फोमचं बोंड घालायचं कसं, ते वडिलांना विचार. उद्यमबागेत फौंड्रीत जातात ना? दणदणाटापासून कान वाचवायला फोमचे बोळे मिळतात, ते घालायची रीत त्यांना ठाऊक असेल: चिमटीत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरनं नेऊन कान वर आणि मागं ओढायचा, बोळा आत सारायचा, आणि फुगेपर्यंत बोट धरून ठेवायचं. तुझंही तेवढंच काम आहे. त्यांच्याकडं पैसे मागायच्या आधी हे माग.

मोठा हेडफोन घेतलास तरी हीच रड राहणार आहे, कारण तुला चष्मा आहे. चष्म्याची काडी गादीखाली गेली की तिथं फट. केस मध्ये आले की फट. खणातल्या जुन्या हेडफोनच्या गाद्यांचं रेक्झिन सोलून निघालंय, तिथनंही खर्जच गळतोय; गाद्या बदलून मिळतात, सगळा हेडफोन बदलावा लागत नाही. आणि बहिणीच्या गळ्यात मारलास तो ‘गाणारा लांब विहिरीत बसल्यासारखा वाटतो’ म्हणून दिलास ना? खुळ्या, त्याचा जॅक अर्धवट बसत होता, नाहीतर दोन्ही बाजूंची सामाईक तार तुटली होती. तसं झालं की कानात डाव्या-उजव्यातला फक्त फरक पोचतो. गाणाऱ्याचा आवाज आणि खर्ज बहुतेक दोन्हीकडं सारखे असतात, म्हणून नेमके तेच वजा होतात. मोबाइलच्या भोकात खिशातला कचरा ठासून भरलाय, तो काढ आणि मग बघ. चिकटपट्टीचे प्रयोग करतोस असंही कानावर आलंय. पडद्याच्या पुढचं बारीक भोक झाकलं तर खर्ज चढतो, मागचं झाकलं तर उतरतो. तू कुठलं झाकलंस ते तुला तरी माहीत आहे काय?

तुम्हा पोरांना वाटतं, खर्ज म्हणजे पैशाचा खेळ. तुझ्या गल्लीतल्या भजनात जाऊन बस एकदा. पखवाज लावताना डाव्या तोंडाला ओल्या कणकेचा गोळा थापतात. चामड्याचं वजन वाढतं, कंपनं मंदावतात, सूर खाली येतो. हवा तसा सूर मिळेपर्यंत कणीक कमी-जास्त करायची. मूठभर कणकेला किती खर्च येतो? तबल्याच्या शाईचंही असंच. सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी 1920 साली ‘नेचर’मध्ये त्यावर लिहिलं: त्या थरामुळं चामड्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या पटीत येऊन बसतात आणि ढोलाचा नुसता दणका न राहता सूर लागतो. गायक कुमार गंधर्व आपल्या सुळेभावी गावचे, 8 एप्रिल 1924 चा जन्म. त्यांचे तानपुरे किती बारकाईनं लावलेले असत हे गाण्यातल्या कुणालाही विचार. तो षड्ज-खर्जाचा भराव कसला एक्स्ट्रा? सूर जागेवर आहे, एवढंच त्याचं रहस्य.

आता तुला खरं काय हवंय ते मला कळत नाही असं समजू नकोस. शिवजयंतीच्या चित्ररथांपुढं, गणपतीच्या मिरवणुकीत, भिंतीएवढ्या स्पीकरपुढं उभा राहतोस. तिथला ठोका छातीत बसतो. तो तुला कानात हवाय. मिळणार नाही. कितीही हजारांचा घे, मिळणार नाही! तिथं माणसाएवढे स्पीकर रस्त्यावरची हवा ढकलतात आणि ती तुझ्या बरगड्यांवर आपटते. हेडफोन कानापुरती हवा हलवतो, बरगड्या त्याच्या हिशेबात नाहीत. म्हणून तू आवाज वाढवत जातोस, आणि तरी छातीत काही होत नाही.

कमी आवाजात खर्ज कमी वाटतो, यालाही कारण आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी 1933 साली अमेरिकेत बेल लॅबमध्ये मोजून दाखवलं, की आवाज बारीक असला की आपला कान खालच्या सुरांना जास्तच बहिरा असतो. आजच्या प्रमाणाप्रमाणं 1000 हर्ट्झचा 40 डेसिबलचा सूर जेवढा वाटतो, तेवढाच वाटायला 100 हर्ट्झच्या सुराला साधारण 64 डेसिबल लागतात. म्हणून बारीक आवाजात ऐकताना इक्वलायझरमध्ये खालची पट्टी थोडी चढवली तर मी रागावणार नाही. पण तू काय करतोस? 60 हर्ट्झची कांडी थेट माथ्यावर. 6 डेसिबल वाढवलेस की शक्ती चौपट लागते, 12 वाढवलेस की सोळापट. तुझ्या मोबाइलकडं तेवढी ताकद नाही, तो लाटेचे शेंडेच कापून टाकतो, आणि जी फरफर ऐकू येते तिला तू बेस म्हणतोस. उलटं कर. खालची पट्टी जागेवर ठेव आणि बाकीच्या थोड्या खाली आण. मग लागलाच तर एकूण आवाज किंचित वाढव. फुकटात होतं हे, ॲपही विकत घ्यावं लागत नाही.

किंचित म्हणालो. जागतिक आरोग्य संघटनेचं माप ऐक: 80 डेसिबल असेल तर आठवड्याला 40 तास, 90 असेल तर फक्त 4. दहा डेसिबलला ऊर्जा दहापट होते म्हणून वेळ दहावा हिस्सा. कारखान्यात माणसाला 90 डेसिबलमध्ये दिवसाला आठ तासांच्या वर ठेवू नये असा नियम आहे, आणि तिथं कान झाकायला सांगतात. वडील पोटासाठी त्या आवाजात उभे राहतात आणि कानात बोळे घालतात. तू त्यांचेच पैसे घेऊन तो आवाज कानात ओततोस! आतल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. गाड्यावर मिळत नाहीत त्या, फर्स्ट कॉपीसुद्धा नाही.

रडायला काय झालं? मी तुझा इअरफोन जप्त केलेला नाही. घे हा.

सोमवारी प्रॅक्टिकलच्या वहीत कोष्टक हवं. मोबाइलवर टोन जनरेटर घे, आवाज कमी ठेव, रात्री घर शांत झाल्यावर बस. 40, 60, 80, 100 आणि 200 हर्ट्झ. प्रत्येक सूर तिन्ही मापांच्या बोंडांनी ऐक, चष्मा लावून आणि काढून, बोटानं दाबून आणि न दाबता. ऐकू आला, अंधुक आला, नाही आला, एवढंच लिही. शेजाऱ्याचं बघून लिहू नकोस, त्याचे कान तुझे नव्हेत. फेकलेली बोंडं मिळाली नाहीत तर नवी आण, पण त्याचे पैसे तुझ्या खिशातले. आणि त्या कोष्टकावर माझी सही होईपर्यंत घरात नव्या हेडफोनचा विषय काढलास, तर वडिलांना इथं बोलवून घेईन आणि हे सगळं तुझ्यासमोर पुन्हा सांगेन. जा बस जाग्यावर.